माळावर झाडं लावू नका

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाची निमंत्रणं सुरू होतात. जागा बहुतेक ठरलेली असते, गावाबाहेरचा माळ. का, तर तो मोकळा दिसतो. बारामती, इंदापूर, माण, आटपाडी, सोलापूरकडचे माझे मित्र भडकतील, तरी लिहितोच. माळावर झाडं लावणं थांबवा.

माळ मोकळा नसतो हो. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं असतात, त्यांच्या जिवावर चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक पक्षी. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये झालं ते माळढोक या मोठ्या पक्ष्यासाठी. त्याला लांबवर नजर पोचेल असं उघडं रान लागतं, झाडी नको असते. आज तिथे माळढोक जवळजवळ दिसतच नाही. कारणं बरीच आहेत, पण उघडं रान आक्रसत गेलं हे त्यातलं मोठं.

आता हवामानाचं बोलू, कारण झाडं त्याच नावाखाली लावली जातात. झाडाचा बराचसा कार्बन खोडाफांद्यांत असतो. वणवा लागला, कुऱ्हाड पडली की तो परत हवेत. गवताचा बहुतेक साठा मुळांत आणि मातीत. वरून मेंढरांनी चरलं, उन्हाळ्यात जळलं, तरी खालचं बरंचसं शाबूत राहतं. कमी पावसाच्या पट्ट्यात हा व्यवहार जास्त भरवशाचा. आणि आपण काय करतो? पोकलेन लावून चर खणतो, नेमकी तीच माती उलथतो आणि वर गिरिपुष्प लावतो. मध्य अमेरिकेतलं झाड, पटकन जगतं, म्हणून अहवालात शोभतं. 2017 ते 2019 या काळात राज्यानं 50 कोटी झाडांचा संकल्प केला होता, त्यातली 33 कोटी एकट्या 2019 मध्ये. एवढा आकडा गाठायचा म्हटल्यावर खड्डा कुठे पडतोय हे कोण बघत बसणार!

माळ दुरुस्त करायचा तर बाहेरून येऊन माळभर पसरलेली वेडी बाभूळ उपटा, तिथलंच गवताचं बी पेरा आणि ते रुजून पुन्हा बी झडेपर्यंत चराई थांबवा. हिवरे बाजारनं चराईबंदी केली, पण विळ्यानं गवत कापून न्यायला मुभा ठेवली. चारा वाढला, मागोमाग दूधही वाढलं.

मला मात्र इथे एक गोष्ट खटकते. चराईबंदी ग्रामसभेत ठरते आणि फिरत्या धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसोबत हिंडणारा त्यांचा तळ, त्या ग्रामसभेत नसतो. शेतात मेंढ्या बसवून घ्यायला, लेंडीखत घ्यायला ते सगळ्यांना हवे असतात, निर्णय घेताना कुणालाच आठवत नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. किती वाड्यांपर्यंत तो पोचला असेल, अंदाज करा. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलंय. आपल्याकडे त्याचे फलक तरी लागतील बहुधा.

तेव्हा निमंत्रण देणाऱ्यांनो, रोपांसाठी जमवलेले पैसे गवताचं बी गोळा करणाऱ्या बायकांच्या मजुरीला द्या. माळाच्या बैठकीला मेंढपाळांना बोलवा. आणि ती बैठक डिसेंबरात ठेवू नका, तेव्हा त्यांच्यातले बरेच जण घाट उतरून कोकणात गेलेले असतात.