हातचा एक आणि आयर्विनची पातळी

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. पोती, क्विंटल, हमाली, तोलाई, दिवसभर बेरजाच चाललेल्या असतात, म्हणजे कॉम्प्युटर करतो, मी एंटर दाबतो. एवढ्या भांडवलावर परवा बायकोला म्हणलं, तू सर बाजूला, हातच्याची बेरीज काय शिकवायची असती, पाच मिनिटाचं काम. ती खरंच सरली. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

गणित होतं ४७ अधिक ३८. चिरंजीव दुसरीत. त्यानं आधी ७४ लिहिलं, का तर मी ‘सत्तेचाळीस’ म्हणालो आणि त्यात सात आधी ऐकू येतो. पोराचं काय चुकलं? २९ ला आपण एकोणतीस म्हणतो, त्यात ना दोन ऐकू येतो ना नऊ. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ असं वाचन दिलं होतं तेव्हा त्यावरचे झाडून सगळे जोक मी फॉरवर्ड केले होते, ते आता गुपचूप डिलीट करावेत असं वाटायला लागलं.

बरं, एकाखाली एक मांडलं. सात न् आठ पंधरा, चार न् तीन सात, उत्तर ७१५.

“अरे ४७ रुपये आणि ३८ रुपये मिळून सातशे पंधरा होतील का?”

“झाले तर चांगलंच हाय की.”

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणलं, पंधरातला पाच खाली लिही आणि एक हातचा घे. त्यानं पाच लिहिला आणि स्केचपेननं तळहातावर ठसठशीत एक काढला. तेवढ्यात आमच्या आईनं जेवायला हाक मारली, पोरगं जेवून आलं आणि ७५ लिहून मोकळं.

“हातचा कुठाय?”

“धुतला.”

“मीच म्हणलं धू म्हणून,” आई आतनं म्हणाली, “रंग पोटात गेला असता.”

मग दहा कॉइन देऊन एक दहाची नोट घ्यायची असा खेळ करून बघितला, नोट त्याच्या खिशात गेली आणि तो भडंग आणायला गेला.

शेवटी आमच्या आईनंच सोडवलं. आमचं घर नदीकाठच्या गावभागात. पाऊस लागला की आमच्याकडं माणसं ‘जेवलास का’च्या आधी ‘आयर्विनला किती झालं’ विचारतात, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका हे पोराला पाढ्याआधी पाठ. २०१९ ला पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा हा पाळण्यात होता, पण सांगतो असा की होडी हाच वल्हवत होता. आई म्हणाली, “हे बघ बाळा, एककाच्या घरात नऊ फूटच पाणी मावतंय. दहा झालं की ते दहाच्या दहा शेजारी दशकाच्या घरात शिरतंय.”

“मग तिथं एकच का लिहायचा?”

“ते घर केवढं मोठं! हितलं दहा फूट तिथं एकच फूट चढतंय.”

झालं. पोरानं ८५ लिहिलं. मी बी.कॉम. असून गप्प.

आता वेगळाच ताप. ५२ अधिक ३६ ला पाणी शिरलंच नाही म्हणून हिरमुसला. ९५ अधिक ७८ ला उठून उभाच राहिला, “बाबा, दशकाचं घर पण बुडालं! सतरा झालं! आता?”

“सात ठेव, एक शतकाच्या घरात पाठव.”

“तिथं कोण राहतंय?”

“कोण नाही, मोकळंच आहे.”

“म्हणजे विश्रामबागेत मावशीकडं,” म्हणाला आणि १७३ लिहिलं. पुरात आम्ही सगळे तिथंच होतो, त्यामुळं चूक काढता येईना. शाळेच्या वहीत मात्र हातच्याच्या जागी होडी काढून आला, बाईंनी शेजारी लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलंय, नुसतंच.

काल वजाबाकी निघाली, ४२ वजा १७. आता मी पण तयार होतो. म्हणलं, दोनातनं सात जात नाहीत, मग शेजारच्या दशकाकडनं एक उसना घ्यायचा, दोनाचे बारा झाले, बारातनं सात गेले पाच, दशकाकडं राहिले तीन, तिनातनं एक गेला दोन. २५. पहिल्या फटक्यात बरोबर! मी कॉलर ताठ केली.

“बाबा, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?”

“परत द्यायचा नसतो रे.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. गाडीच्या वेळी मेव्हण्याकडनं हातउसने घेतलेल्याला या दिवाळीला दोन वर्षं होतील.

“अहो,” बायको पदराला हात पुसत बाहेर आली, “सरा बाजूला, वजाबाकी मी शिकवते.”