‘जरा अभ्यास करून लिहा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ॲसिटॅमिनोफेन या ताप-वेदनांवरच्या औषधाच्या नावाची मी माझ्या लेखात दिलेली फोड ‘ॲसिट-ॲमिनो-फेन’ ही चूक, ‘अ-सी-ट-मि-नो-फेन’ हीच बरोबर, आणि भारतात त्यालाच पॅरासिटामॉल म्हणतात, तर हा कीस कशाला? शेवटी ‘जरा अभ्यास करून लिहीत जा’. चूक दाखवायला कुणाचीच हरकत नाही, पण हे वाक्य चूक दाखवत नाही, पाणउतारा करतं. गेली वीस वर्षं मी रसायनशास्त्रच शिकवते आहे.

एक मान्य. उच्चाराच्या ओळीत मी शेवट ‘फेन’ लिहिला. अमेरिकी बोलण्यात तो ‘फिन’च्या जवळ जातो. मुख्य आघात चौथ्या अक्षरावर, ‘मि’वर, ‘सी’वर दुय्यम.

आता फोड. तुम्ही दिलेली सहा अक्षरं उच्चाराची आहेत. मी दिले ते अर्थाचे घटक. या दोन्ही फोडी एकच असायला हव्यात, हा तुमचा गैरसमज. ‘सदाचार’ म्हणताना आपण ‘स-दा-चार’ म्हणतो, पण विग्रह ‘सत् + आचार’. ‘दा’मधला द सत्-चा, आ आचारचा. इथे अगदी तेच होतं: तिसऱ्या अक्षरातला ट ॲसिटचा, त्यापुढचा स्वर ॲमिनोचा. अमेरिकी तोंडी तो ट बऱ्याचदा ड कडे झुकतो, म्हणून सांधा कानाला कळतच नाही.

पडताळायचं असेल तर पूर्ण नाव कागदावर लिहा: एन-ॲसिटिल-पॅरा-ॲमिनोफेनॉल. ‘एन’, ‘इल’, ‘पॅरा’ आणि शेवटचं ‘ऑल’ खोडा. उरतं ते ॲसिट-ॲमिनोफेन. आता त्याच रेणूचं दुसरं नाव लिहा, पॅरा-ॲसिटिलॲमिनोफेनॉल, आणि पॅरा, ॲसिट, ॲम, ऑल एवढंच ठेवा. पॅरा आणि ॲसिट यांच्या मधले दोन ‘ए’ एकात मिसळले की पॅरासिटामॉल तयार. विद्यार्थी इथेच घसरतात: ‘मॉल’ हा घटक धरतात. तो घटक नाही. म ॲमिनोचा, ऑल फेनॉलचं.

राहिलेल्या मुद्द्यांवर वाद घालण्यात मला रस नाही. ‘कीस कशाला’ एवढ्याचं मात्र उत्तर देते. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील इथून ६५० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या नेतात. तिथे सर्दीसाठी आणलेल्या औषधावर ‘ॲसिटॅमिनोफेन’ असतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळालेल्या बाटलीवर कधी नुसतं ‘ए-पी-ए-पी’: ॲसिटिल, पॅरा, ॲमिनो, फेनॉल यांची इंग्रजी आद्याक्षरं. तिन्ही एकच औषध. प्रौढांसाठी चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि यकृत बिघडलेलं असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. दोन नावांची दोन औषधं समजून घेतली की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि इजा यकृताला होते.

‘फेन’चं ‘फिन’ आजच दुरुस्त केलं आहे. फोड आहे तशीच राहील.