अक्रोड खाणारी गाडी

रोज सकाळी गाडी चालू केली की पहिली तीस सेकंद मी श्वाससुद्धा बेतानं घेतो. एसी बंद, रेडिओ बंद, काच खाली, मान बॉनेटकडे थोडी कललेली. बायको शेजारी बसून काही सांगत असेल तर मी नुसता पंजा वर करतो. स्वयंपाकघरातून मारलेली हाक तुला ऐकू येत नाही, पण पार्किंगमधला खुळखुळाट तिसऱ्या मजल्यावर बरोबर ऐकू येतो, असं तिचं म्हणणं आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण खुळखुळाट खरंच येतो. दोन हजार आरपीएमच्या जरा खाली, एक्सलेटर सोडला की, डब्यात चार सुपाऱ्या टाकून हलवल्यासारखा. फक्त मलाच ऐकू येतो. आणि मिस्त्रीच्या गॅरेजमधे गाडी नेली की मलाही येत नाही.

गाडी 2010 ची. सेडान, युरोपियन खानदान, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 160 घोडे. मी घेतली 2017 साली सेकंडहँड, आणि तेवढ्या पैशात तेव्हा नवीकोरी छोटी हॅचबॅक वॉरंटीसकट दारात आली असती. एजंट म्हणाला, साहेब डॉक्टरची गाडी आहे, सिंगल ओनर, घर ते दवाखाना एवढंच रनिंग. मी आजवर जेवढ्या सेकंडहँड गाड्या बघितल्या त्या सगळ्या डॉक्टरच्याच निघाल्या, म्हणजे वकील, इंजिनिअर, तलाठी वगैरे मंडळी गाड्या विकतच नाहीत, जाताना बरोबर घेऊन जात असणार. तर टेस्ट ड्राइव्हला कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमधे पाय दिला, काटा दोन हजारवर गेला आणि पाठीला उशी लावून कोणीतरी पैलवानानं ढकलावं तसं झालं. एवढंच झालं. पुढे एजंट टायरबद्दल, इन्शुरन्सबद्दल, सीट कव्हर फ्री देण्याबद्दल काय काय बोलत होता, मला काहीही आठवत नाही. त्या एका ढकलण्याचे पैसे मी आजपर्यंत भरतोय.

आईला मात्र ते ढकलणं पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. ती मागे बसते, दोन्ही हातांनी वरचं हँडल धरते आणि खेड शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत रामरक्षा दोनदा संपवते. "अंगावर येते रे ही गाडी," म्हणते. आमच्या जुन्या गाडीत ती चक्क झोपायची.

टर्बो म्हणजे काय हे मी घरात एकदाच समजावून सांगितलं आणि ती चूक झाली. म्हणलं, इंजिनातून जो धूर बाहेर पडतो ना, तो वाया न घालवता त्याच्यावर एक छोटा पंखा फिरवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जळणार, म्हणजे जास्त ताकद. बायको म्हणाली, म्हणजे आपण धुरावर चालणारी गाडी घेतली? लेक म्हणाली, पंखा किती फास्ट फिरतो? मी म्हणलं, आपला मिक्सर वीस हजारांच्या आसपास फिरतो, हा लाखाच्या वर. आणि तो लाल होईपर्यंत तापलेला असतो. आणि बेअरिंग म्हणाल तर तेलाच्या केसाएवढ्या थरावर तो दांडा तरंगतो. त्यावर शांतता पसरली. मग बायको म्हणाली, "आपला मिक्सर आठ वर्षांत तीनदा बंद पडला."

म्हणून तर ते एक मिनिट बसणं आलं. घाटातून किंवा हायवेवरून जोरात आलं की इंजिन लगेच बंद करायचं नाही, कारण इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथंच जळून त्याचा कोळसा होतो. मिनिटभर नुसतं चालू ठेवून गार होऊ द्यायचं. हे शास्त्र आहे. पण मिसळीच्या हॉटेलसमोर घरचे उतरून आत जाऊन ऑर्डर देऊन तर्री कमी का जास्त ठरवून मोकळे होतात तरी मी बाहेर चालू गाडीत एकटा बसलेला, हे दिसायला चांगलं दिसत नाही. आता सोसायटीत शहरातनं आल्यावर बसायची काही गरज नसते, पण सवय लागली ती लागली. पहिल्या मजल्यावरचे काका महिनाभर बघत होते, शेवटी एकदा काचेवर टकटक करून हळू आवाजात म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना? नाही, काही असेल तर वर आमच्याकडे येऊन बसत जा." मी त्यांना टर्बो समजावला. ते आता मला बघितलं की जिन्यानं जातात.

त्यात इंजिनचं तेल पिणे. मॅन्युअलमधे चक्क छापलंय की हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल संपलं तर काळजीचं कारण नाही. आमच्या जुन्या वाड्यात एक गृहस्थ स्वतःबद्दल अगदी हेच आणि एवढंच माप सांगायचे. माझी गाडी अर्ध्यावर थांबत नाही. डिकीत कायम 5डब्ल्यू-40 चा डबा, एक फनेल आणि जुन्या बनियनचा तुकडा असतो, आणि दर रविवारी पोहे खायच्या आधी मी तेल मोजायची डिपस्टिक काढतो, पुसतो, घालतो, काढतो, उजेडाकडे धरून बघतो. बायको म्हणते लेकीचा ताप तू कधी एवढ्या मन लावून बघितला नाहीस. तेलाचा भाव बघता रविवारच्या पोह्यांवर आम्ही ते तेल घालत नाही एवढंच.

दुखणं दाखवायला दोन ठिकाणं. एक सर्व्हिस सेंटर, काचेचं, गार, तिथं कॉफी मिळते आणि सगळं "असेंब्ली"त येतं. तिथल्या मुलाला मी खुळखुळाटाबद्दल सांगितलं, त्यानं स्कॅनर लावला, पी झिरो टू डबल नाईन असा कोड आला. म्हणजे काय, तर अंडरबूस्ट, टर्बोचा जोर कमी पडतोय. हे मला कर्वे रोडच्या फ्लायओव्हरवर रिक्षानं ओव्हरटेक केलं तेव्हाच कळलेलं होतं. म्हणाला, सर टर्बो असेंब्ली बदलावी लागेल, एक लाख चाळीस हजार, प्लस लेबर. मी म्हणलं अहो पण टर्बो चांगला आहे, जादा प्रेशर सोडून देणारी जी झडप असते, वेस्टगेट, तिची फक्त दांडी झिजलीये. दांडी सेपरेट येत नाही सर. काय येतं सेपरेट? तो खरंच थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "मॅट येतात."

दुसरं ठिकाण म्हणजे आमचा मिस्त्री. पत्र्याची शेड, एक कुत्रं, आणि भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. तो गाडी चालवून बघत नाही, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटतो. त्यानं त्या दांडीला एक स्प्रिंगची क्लिप अडकवली, तीनशे रुपये घेतले, आणि चौदा महिने गाडी गप्प. पण तो पार्ट स्वतः आणत नाही, तो चिठ्ठी देतो आणि आपण नाना पेठेत, पार्टांच्या बाजारात जायचं. नाना पेठेत काउंटरवरचा माणूस वर न बघता विचारतो, ओरिजिनल देऊ, ओईएम देऊ का चालू देऊ? ओईएम म्हणजे कंपनीला पार्ट पुरवणाऱ्याचाच, पण कंपनीच्या खोक्याशिवाय, आणि चालू म्हणजे जो फार दिवस चालत नाही तो. इंजिनात ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल मी आधी चालू घेतली, मग ओईएम, मग ओरिजिनल, म्हणजे एका कॉइलचे तीन वेळा पैसे दिले, आणि पहिल्यांदाच ओरिजिनल घेतली असती तर दोन वेळा येऊन त्या माणसाशी ओळख झाली नसती, आता तो निदान वर बघतो.

पण खरा कहर अक्रोडाचा. झालं असं की गाडी सकाळी थरथरायला लागली, थंडीत आजोबा चहाचा कप धरतात तशी. मिस्त्री म्हणाला, साहेब, अक्रोड मारावे लागतील. मला वाटलं माझं डोकं मारायचा विचार आहे त्याचा. तर ते असं की जुन्या इंजिनात पेट्रोल आत जाता जाता व्हॉल्व्हच्या पाठीवरून जायचं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जायचे. आमच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन, पेट्रोल थेट सिलेंडरमधे, मग व्हॉल्व्हला आंघोळच नाही, वर्षानुवर्षं तेलकट काजळी बसत जाते. ती खरवडायला अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या प्रेशरनं मारतात, कारण टरफल काजळी काढण्याइतकं कडक असतं आणि धातूला चरा पडण्याइतकं नसतं. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं, की म्हणजे निसर्गाकडे सगळ्यावर औषध आहे वगैरे, की किंमत विचारायची राहिली. मिस्त्रीनं कागदावर बॉलपेननं लिहून दिलं: अक्रोड – 9,500.

तो कागद घरात टेबलवर राहिला आणि आईनं वाचला. आमच्या घरात अक्रोड दिवाळीला पाव किलो येतात आणि ते कुलपात असतात. मी सगळं पुन्हा समजावलं, व्हॉल्व्ह, काजळी, टरफलं, हवा. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "टरफलं गाडीला घातली ते कळलं. मग आतला गर कोणी खाल्ला?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. मिस्त्रीला विचारणार होतो पण धीर झाला नाही.

आता पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल आलंय. माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर जो पिवळा पडलेला स्टिकर आहे त्याच्या ध्यानीमनीही हे नव्हतं. साडू कराडकडचे, ऊसवाले, त्यांच्यासमोर जरा कुरकुर केली की आधी शहरात लिटरला नऊ द्यायची ती आता आठवर आलीये, तर म्हणाले, साडूभाऊ, चार पैसे आमच्याकडंबी येऊ द्या की. बरोबरच आहे. आणि टर्बोला दारूचं वावडं आहे असंही नाही. अमेरिकेत 1962 साली ओल्डस्मोबिल जेटफायर म्हणून गाडी आली होती, टर्बोवाल्या पहिल्या कारपैकी एक, तिला पेट्रोलशिवाय निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि निम्मं मिथेनॉल असलेलं एक वेगळं पेय लागायचं, टर्बो रॉकेट फ्लुइड. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे, मग गाडी रुसायची, शेवटी कित्येकांनी टर्बोच काढून टाकले. हे मी रात्री दोन वाजता मोबाईलवर वाचलं आणि मला फार आपलेपणा वाटला. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतही कोणीतरी झाकण उघडून आत वाकून बघत होता आणि त्याची बायको म्हणत होती चल झोपायला.

मधे 2025 ला गाडीला 15 वर्षं झाली म्हणून आरटीओत पासिंग झालं, पाच हजार फी, ग्रीन टॅक्स वेगळा. इन्स्पेक्टरनं चेसी नंबर बघितला, हॉर्न वाजवून बघितला, झालं. पहाटे उठून मी जे इंजिन बे पुसून चकचकीत केलं होतं त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याच वर्षी ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागली. सगळ्या गाडीत आता तेवढीच एक वस्तू वॉरंटीत आहे.

आणि या मे महिन्यात चिपळूणला मामेभावाचं लग्न. जाताना उतार, काही त्रास नाही. येताना डिकीत दोन फणस, आंब्याच्या चार पेट्या, कोकमाचा डबा, तेलाचा डबा, आणि पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो तेव्हा तो खुळखुळाट आला. मी एसी बंद केला. लेक म्हणाली बाबा उकडतंय. मी पंजा वर केला. तिसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि पैलवान गाडीतनं उतरून निघून गेला. लिंप मोड. म्हणजे गाडी स्वतःला जपते, टर्बो बंद, कसंबसं घरी पोचायचं. 160 मधले किती घोडे उरले कोण जाणे, पण जे होते ते नुकतेच लग्नात जेवून आले होते. दुसरा गिअर, पंचवीसचा स्पीड, मागे गाड्यांची रांग. चिऱ्यांनी भरलेला एक टेम्पो मागून हॉर्न देत ओव्हरटेक करून गेला. मग एसटी गेली, खिडकीतल्या एका पोरानं टाटा केला. बायकोनं त्याला उलट टाटा केला, ते मला जास्त लागलं.

मी घामानं भिजलेलो, आणि मागे आई. हँडल सोडलेलं. रामरक्षा नाही. काचेला नाक लावून दरी बघत होती, लेकीला दाखवत होती की ते खाली पोफळी, लहानपणी आम्ही इकडनं यायचो, तो करवंदाच्या जाळ्यांचा वास बघ. मग पदरानं तोंड पुसून, मन लावून म्हणाली, "आज किती छान चालवतोयस रे."

माथ्यावर हेळवाकच्या अलीकडे टपरीपाशी थांबलो. किल्ली काढली, सगळ्यांचे चहा झाले, पुन्हा किल्ली फिरवली. दिवा गेलेला. यांच्या मेंदूचं असंच आहे, झोपून उठलं की झालेलं भांडण विसरतात. कोयनानगर सोडलं, रस्ता सरळ मिळाला, पुढे तीच एसटी. मी तिसरा टाकला, काटा दोन हजारवर गेला, आणि पाठीत उशी आली. फणस डिकीत गडगडत मागच्या भिंतीला आपटले, एसटी मागे गेली, मी खिडकीतल्या पोराला टाटा केला.

मागनं हँडल धरल्याचा आवाज आला.

"परत बिघडली का रे?" आई म्हणाली.