मत्स्यकन्या राहिली

पोस्ट मोठी होणार आहे. मुंजीचं जेवण अंगावर आलंय, डोकं तापलंय आणि झोप येत नाहीये. ज्यांना घाई आहे त्यांनी लाइक करून पुढे जा.

आज पंगतीत आई आणि मी शेजारी बसलो होतो. समोर एक काका. नाव घेत नाही, फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच. मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता त्यांनी विचारलं, "काय वहिनी, कोपनहेगन कव्हर झालं म्हणे?" आई म्हणाली, दोन दिवस होतो. "मत्स्यकन्येचा पुतळा पाहिलात?" नाही. "टिवोली गार्डन?" बाहेरून. "अहो, मग दोन दिवस केलंत काय?" यावर आईनं जे खरं तेच सांगितलं. "रविवारी एका स्मशानात बसलो होतो. तिथंच डबा खाल्ला."

पंगत हसली. हसण्यासारखं होतंच ते, मलाही कळतं. पण काका थांबेनात. "एवढा व्हिसा काढला, एवढे पैसे घातले आणि मसणात डबा! इथं नदीकाठी फुकटात बसला असतात की!" आईही हसली. पण नंतर तिनं जिलबीला नको म्हटलं. माझी आई जिलबीला नको म्हणते, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

तर काका, हे तुमच्यासाठी.

आधी तो 'कव्हर' शब्द. कव्हर जूनमध्ये वह्यांना घालायचं असतं. शहर कव्हर केलं, देश कव्हर केला, आठ दिवसांत चार राजधान्या कव्हर केल्या, ही काय भाषा आहे? फिरायला गेला होतात की पोर्शन संपवायला? हॉटेलातून सहाला उठवायचं, बसमधून उतरवायचं, पुतळ्यासमोर उभं करायचं, फोटो, परत बस. आल्यावर विचारावं काय पाहिलं, तर "ते एक चर्च होतं बघ, हिरव्या घुमटाचं."

मान्य आहे, ज्यांना आयुष्यात एकदाच जायला मिळतं त्यांना सगळंच बघावंसं वाटतं. आणि टूरवाल्यांमुळे आपल्या कितीतरी आत्या-मावश्या वरणभात खात युरोप बघून आल्या. ठीक आहे. केलं मान्य.

आणि मी तरी कुठली शहाणी? गेल्या जूनमध्ये ऑफिसनं मला तीन महिन्यांसाठी हँबर्गला पाठवलं होतं, आई महिनाभर आली होती, आणि कोपनहेगनच्या त्या वीकेंडची मी एक्सेल शीट केली होती. शनिवारच्या अकरा जागा, रविवारच्या सहा. प्रत्येकीपुढे मिनिटं. शुक्रवारी ट्रेननं गेलो, पाच-एक तास लागतात. वाटेत समुद्र आला की गाडी आधी लांबच लांब पुलावर येते आणि मग खालून बोगद्यात शिरते. आई खिडकीला नाक लावून बसलेली आणि मी लॅपटॉपवर मिनिटं जुळवत होते.

शनिवारी राउंड टॉवर. १६४२ साली बांधून झालेला, मूळचा वेधशाळेसाठी. आत जवळजवळ पायऱ्याच नाहीत, साडेसात वेढ्यांचा चढ आहे, गोल गोल वर जाणारा. रशियाचा झार पीटर १७१६ साली घोड्यावर बसून वर गेला होता म्हणे. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "घोडा चढला तर मीही चढेन." गुडघ्यांना पट्टे बांधून निघाली. प्रत्येक वेढ्यावर एका खिडकीच्या कोनाड्यात टेकायची, खाली कोण काय करतंय ते बघायची. चौथ्या वेढ्याला मी तिला म्हणाले, "आई, इथं फक्त वीस मिनिटं ठेवलीत."

हे वाक्य मी स्वतःच्या आईला म्हणाले आहे. काकांवर ओरडायच्या आधी ते इथं लिहून ठेवते.

संध्याकाळी न्यूहाउन. लाल-पिवळ्या-निळ्या घरांची ती रांग, सगळ्यांनी फोटोत पाहिलेली. छानच आहे. कॉफी आपल्या हिशेबानं पाचशेच्या वर. आईनं तोंडाला पदर लावला आणि एकातच दोघींनी प्यायली. रात्री दहाला उजेड होता आणि माणसं धक्क्यावर पाय सोडून नुसती बसली होती. आईला त्या नुसतं बसण्याचं फार अप्रूप वाटलं. "यांना घरी कोणी वाट बघत नाही का गं?"

आता रविवार.

सकाळी मत्स्यकन्या, दुपारी ट्रेन. मत्स्यकन्येच्या आधी माझ्यासाठी दहा मिनिटं ठेवली होती. मी फिजिक्सची विद्यार्थिनी, आणि अणुशास्त्रज्ञ नील्स बोर नोरेब्रो भागातल्या असिस्टन्स दफनभूमीत आहे. म्हटलं, समाधीला हात जोडून पळू. मेट्रोनं गेलो. तिला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे आई सगळ्यात पुढच्या काचेपाशी, डोळे मोठे करून. वर आल्यावर पिवळी भिंत दिसली. मी सांगितलं आत काय आहे. आई थांबली.

"तू जाऊन ये. मी इथं उभी राहते. बायकांनी जायचं नसतं."

मी काही बोलणार, तेवढ्यात एक बाई सायकलवरून आत गेली, पुढच्या पेटीत दोन पोरं, एकाच्या हातात आइस्क्रीम. मग एक म्हातारी काठी टेकत. मग पळायला आलेल्या दोन मुली. आई बघत राहिली. आणि मग काही न बोलता माझ्या पुढे चालायला लागली.

१७६० सालची ती जागा. मधून पॉपलरच्या झाडांचा सरळ रस्ता जातो, त्यावरून सायकली चालतात. एका बाजूला थडगी, फुलं, मेणबत्त्या, शांतता. आणि ठरवून दिलेल्या भागात हिरवळीवर चादरी टाकून माणसं पडलेली, कोणी वाचतंय, कोणी बाळाला भरवतंय. (कुठेही पसरत नाहीत हं, त्याची समज आहे त्यांना.) बोरची समाधी सापडली. खांब आहे आणि खांबावर घुबड. दगडाचं. आई म्हणाली, "अगंबाई, मेल्यावरही घुबड?" मी म्हटलं, त्यांच्यात ते शहाणपणाचं. "असेल," म्हणाली, पण एक पाऊल मागं सरकलीच.

मग आम्हाला भूक लागली. हँबर्गच्या घरात आईनं दशम्या केल्या होत्या, सोबत बार्शीहून आणलेली शेंगाचटणी. एक बाकडं रिकामं होतं. मीच विचारलं, इथं चालेल का? आईनं पिशवी उघडली.

तिथं आम्ही दोन तास बसलो. एक्सेल शीट गेली चुलीत. जवळ एक बाबागाडी उभी होती, आत बाळ झोपलेलं, आसपास कोणी नाही. तिकडे कॅफेबाहेरसुद्धा बाळं अशीच झोपवून ठेवतात, पण आईला ते पटेना. ती उठून गाडीपाशी जाऊन उभी राहिली, राखण करत. वीस मिनिटांनी बाळाची आई झाडामागून पुस्तक घेऊन आली, दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि आई परत येऊन बसली.

आणि मग म्हणाली, "वैकुंठात अशी बाकडी आहेत का गं?"

वैकुंठ म्हणजे आमच्याकडचं स्मशान. मला माहीत नव्हतं.

बाबा २०१६ साली गेले. हॉस्पिटलच्या सगळ्या कागदांवर सह्या माझ्या. बिल मी भरलं. डॉक्टरांनी शेवटचं जे काय सांगितलं ते मला सांगितलं. आणि निघताना कोपऱ्यापर्यंत गेलो आम्ही दोघी, आणि एका माणसानं हात आडवा धरून सांगितलं, "चला, तुम्ही आता मागं फिरा."

काका, आठवतंय कोण होतं ते?

आम्ही फिरलो. मी अडतीस वर्षांची, नोकरी करणारी, जगाला अक्कल शिकवणारी बाई, गुपचूप मागं फिरले. आईचा संसार एक्केचाळीस वर्षांचा. तो माणूस कुठे गेला, कुठून गेला, तिथं झाडं आहेत का, सावली आहे का, तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनं कोणाला विचारलं नाही. इतकी वर्षं! विचारलं ते कोपनहेगनमध्ये, एका बाकड्यावर, दशमी हातात घेऊन. "दादा काही बोलला नव्हता बघ तेव्हा," एवढंच पुढे म्हणाली, आणि मग त्या सायकलवाल्या पोरांकडे बघत बसली.

हो, माहितीये, आता बायका जातात. खांदा देतात, अग्नी देतात, पेपरात फोटो येतात. आमच्याकडे नाही गेल्या. काय करू मग?

आणि काका, हेही लिहिते, नाहीतर रात्री झोप लागणार नाही. त्या दिवशी सगळी धावपळ तुम्ही केलीत. दादाला रात्रभर सोडलं नाहीत. पुढचे दहा दिवस तुमच्या घरून पिठलंभात आला. विसरले नाहीये मी. म्हणून तर आज पंगतीत गप्प बसले. पण आईला सगळ्यांसमोर हसायचं कारण नव्हतं. तुम्हाला माहीत नव्हतं, तेही खरं. आता माहीत झालं.

राहिली तुमची मत्स्यकन्या. १९१३ सालचा पुतळा, उंची सव्वा मीटर, दोनदा तिचं डोकं कापून नेलंय लोकांनी, १९६४ ला आणि १९९८ ला. ज्या अँडरसननं तिची परीकथा लिहिली तो स्वतः कुठे आहे माहितीये? त्याच असिस्टन्समध्ये. आमच्या बाकड्यापासून चालत पाच मिनिटं. जाताना आई तिथं क्षणभर थांबली, हात जोडले. म्हणजे तिचा बाप भेटला आम्हाला. हे चालेल का तुमच्या लिस्टमध्ये?

परतीच्या ट्रेनमध्ये, पुलावर, आई एकदम दचकली. "अगं, आंघोळ राहिली की! स्मशानातून आलो." मी म्हटलं, आता हँबर्गलाच. तिनं बाटलीतलं पाणी घेऊन दोघींच्या पायांवर शिंपडलं, समोरचा जर्मन माणूस पाय वर घेऊन बघत राहिला, आणि मग उरलेली दशमी काढून अर्धी त्याला दिली. त्यानं खाल्ली. चटणीला मात्र ठसका लागला बिचाऱ्याला.

मघाशी दादाला मेसेज केला, "वैकुंठात बसायला बाकडी आहेत का?"

आत्ता उत्तर आलंय. "आहेत. का गं?"

आई आत झोपलीये. त्याला काय लिहायचं, अजून ठरलं नाही.