पोरं फ्रान्समधली असली की कसं बरं वाटतं

पुण्यात बसून वाया गेलेल्या पोरांचं दुःख समजून घ्यायचंय ना, मग पहिली अट अशी की पोरं फ्रान्समधली पाहिजेत. इथली आपल्याला कळलेलीच असतात, पेपरात आडनाव वाचलं की काम झालं.

सुरुवात १९९५ च्या 'ला हेन' या फ्रेंच पिक्चरने करा. (उच्चार 'ला एन' असा करायचा आणि 'हेन' म्हणणाऱ्याकडे नुसतं हसून बघायचं, दुरुस्त करायचं नाही.) पॅरिसबाहेरच्या सरकारी बिल्डिंगांमधली तीन पोरं, एक ज्यू, एक अरब, एक आफ्रिकी, दोस्त पोलिसांच्या मारानं हॉस्पिटलात पडलाय, रात्री दंगल झालीय आणि पोलिसाचं हरवलेलं पिस्तूल यांच्यातल्या एकाला सापडलंय. ब्लॅक अँड व्हाइट आहे ते फार बरं, रंगीत गरिबीचा आपल्याला जरा वास येतो.

तर ही पोरं रात्री पॅरिसमध्ये अडकतात, शेवटची ट्रेन चुकते, आर्ट गॅलरीत शिरतात, तिथूनही हाकलतात, इथे तुमचा घसा दाटून आला पाहिजे. मग घरी जाताना डेक्कनला नाकाबंदीत ट्रिपल सीटवाली पोरं उभी दिसतील, शेवटची बस गेलेली, हवालदार विचारतोय 'कुठं राहतो रे', पोरगा म्हणतो जनता वसाहत आणि हवालदाराचा आवाज बदलतो. तिकडे बघत बसू नका, सिग्नल सुटलाय.

तिकडे आजोबा अल्जीरियाहून कारखान्यात राबायला आला तरी फ्रान्समध्येच जन्मलेला नातू अजून परकाच, किती वाईट ना. आपल्याकडे तसं काही नाही. ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसं आली, बांधकामावर राबली, त्यांच्या नातवांना आपण बाहेरचे म्हणतो ते फक्त ते बाहेरचे आहेत म्हणून. तुमचे आजोबा कोकणातून आले ते वेगळं, ते शिकायला आले होते.

मराठी काही बघायचंच असेल तर २०१८ चा 'मुळशी पॅटर्न' चालेल, पण जपून. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा पोरगा गुंड होतो त्यात. कोयता दिसला की 'हल्लीची मुलं आणि रील्स' यावर हवं तेवढं बोला, पण जमीन विकायचा भाग लागला की पॉपकॉर्न आणायला उठा, कारण त्या जमिनीवर तुमचा टू बीएचके असू शकतो आणि हप्ते अजून चालू असतात. आणि हो, पोलिसांनी कोयता गँगच्या पोरांची धिंड काढली की व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाका, सोबत टाळ्यांचा इमोजी, आणि फ्रेंच पोलिसांच्या क्रौर्यावरचा लेख फिल्म क्लबच्या ग्रुपवर. घाईत अदलाबदल होते, माझ्या ओळखीतल्या एका काकांची झाली होती, फार अवघड गेलं त्यांना.

कोणी विचारलं की पिक्चर बघून काय बदलतं, तर ठणकावून सांगा, 'ला हेन' तिथल्या पंतप्रधानानं, आलँ ज्युपेनं, अख्ख्या मंत्रिमंडळाला दाखवला होता! पुढे २००५ मध्ये पॅरिसबाहेरच्या क्लिशी-सू-बुआत पोलिसांपासून पळणारी दोन पोरं विजेच्या सबस्टेशनात लपली आणि शॉक लागून मेली, जवळजवळ तीन आठवडे गाड्या जळत होत्या. २०१९ ला शेजारच्याच मोंफेर्मेयवर लाज ली नावाच्या दिग्दर्शकानं 'ले मिझेराब्ल' हा पिक्चर काढला, कान फेस्टिव्हलला ज्यूरी प्राइझ. २०२३ ला नान्तेरमध्ये गाडी अडवून पोलिसानं १७ वर्षांच्या नाहेलला गोळी घातली, परत जाळपोळ. म्हणजे विषय कधी संपत नाही आणि पिक्चर उत्तम निघतात, तेवढं श्रेय फ्रान्सला द्यायलाच हवं.

जानेवारीत पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल आहे, शो संपल्यावर प्रश्नोत्तरं असली तर पहिला हात तुमचा पाहिजे. प्रश्न नसला तरी चालतं. फक्त रविवारी सकाळचा शो घेऊ नका, वस्तीकडच्या भिंतीवर काचा लावायचा ठराव आहे सोसायटीत आणि दर वेळी कोरम भरत नाही.