बदाम त्रेसष्ट

शिवणाची पायमशीन जुन्या वस्तूंच्या ॲपवर विकायला काढली त्याला आज 37 दिवस झाले. एवढ्या दिवसांत ती 1,940 जणांनी पाहिली, 63 जणांनी तिच्यापुढचा लाल बदाम दाबला, आणि तिच्यासाठी आमच्या दाराची बेल एकदाही वाजली नाही. म्हणजे एकदा वाजली होती, पण तो कुरियरवाला निघाला. मी त्यालाही मशीन दाखवली.

बदाम म्हणजे ते हृदयाचं चिन्ह. ॲपवाल्यांनी त्याला काहीतरी गोड नाव दिलंय, पण ज्या घरात दिवाळीच्या सुट्टीत पत्ते कुटले गेले त्या घरात तो बदामच. आणि आमचं सध्या जे चाललंय तो बदाम सातचाच डाव आहे. प्रत्येक जण पान दाबून बसलाय, उतरायचं नाव कोणी घेत नाही.

मशीन सासूबाईंची. 1978 सालची, बिडाचा स्टँड, सागवानी फळी. भिशी लागली तेव्हा त्यांनी घेतली आणि पुढची तीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या चड्ड्यांपासून अख्ख्या आळीच्या ब्लाउजांपर्यंत सगळं तिच्यावर शिवलं. गेली बारा वर्षं मात्र तिच्यावर फक्त इस्त्रीचे कपडे मुक्कामाला असतात. मुलाच्या दहावीला टेबल हवं आणि टेबलाला जागा हवी, म्हणून मी भीत भीत विचारलं, "आई, मशीन विकू या का?"

"विक की. मला काय करायचंय आता?" त्या इतक्या चटकन म्हणाल्या की मला तिथेच संशय यायला हवा होता.

मी मन लावून तयारी केली. नवा पट्टा घातला, तेल दिलं, बॉबिन भरून ठेवली, गॅलरीत संध्याकाळच्या उन्हात अकरा फोटो काढले. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळांना पाठवायला एवढे फोटो काढले नव्हते. किंमत लावली 6,500 रुपये. रात्री झोपेपर्यंत चौदा बदाम. मी नवऱ्याला हलवून विचारलं, "किंमत कमी तर नाही ना लावली रे?"

सकाळपासून निरोप सुरू झाले. "हे अजून उपलब्ध आहे का?" हे वाक्य कोणी लिहीत नाही हे मला नंतर कळलं. ॲपच ते तयार ठेवतं, आपण नुसतं बोट लावायचं. मला वाटलं, समोर साक्षात गिऱ्हाईक आलंय. मी लिहिलं, "नमस्कार. हो, उपलब्ध आहे. मशीन उत्तम स्थितीत असून आपण कधीही येऊन पाहू शकता. सोबत सहा बॉबिना मोफत." निळ्या खुणा उमटल्या आणि माणूस गडप. असे एकोणीस जण झाले. जणू मशीन सुखरूप आहे एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

जे बोलले त्यांच्यापेक्षा हे मुके बरे होते. एकाने "लास्ट किती?" विचारलं. मी 6,000 म्हटलं. तो म्हणाला, "नाही, एकदम लास्ट." म्हणजे 6,000 हे आपलं घसा साफ करणं होतं. एका बाईंना मशीन वाकडला घरपोच हवी होती, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. एकाला नुसता स्टँड हवा होता. त्यावर काच टाकून हॉटेलात टेबल करतात म्हणे, नाहीतर वॉश बेसिनखाली लावतात. तो म्हणाला, "डोकं तुम्हीच ठेवा." मी म्हटलं, तोच प्रयत्न चाललाय.

एकाने विचारलं, "सिंगर आहे का? सुईजवळ मोबाइल धरून बघा, रेंज जाते का." मला वाटलं, याचं काहीतरी बिनसलंय. शोधलं तर प्रकार खरा निघाला. 2009 साली सौदी अरेबियात अफवा उठली होती की जुन्या सिंगर मशीनमध्ये 'लाल पारा' नावाचं काहीतरी मौल्यवान असतं. लोकांनी जुन्या मशिनी अवाच्या सवा किमतीला घेतल्या, आणि पारा ओळखायची युक्ती हीच, सुईजवळ मोबाइल धरायचा. आमची सिंगर नाही. तरी कोणी बघत नाही असं पाहून मी मोबाइल धरून पाहिला. पण आमच्या मधल्या खोलीत रेंज मुळात येतच नाही, त्यामुळे ती गेली की नाही हे सांगता येणार नाही.

आणि एक जण सैन्यातला. जैसलमेरला पोस्टिंग. मशीन न बघताच पसंत, किंमत मान्य, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, लगेच पैसे जमा. पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढं मला कळतं. पण वाईट वाटलं हो. 37 दिवसांत घासाघीस न करता पूर्ण किंमत द्यायला निघालेला हा एकच माणूस, आणि तो चोर.

नवऱ्याने समजूत काढायला ईबे या ऑनलाइन दुकानाची गोष्ट सांगितली. 1995 साली ते दुकान सुरू झालं तेव्हा तिथे पहिल्यांदा विकला गेला तो मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला. मालकाने घेणाऱ्याला विचारलं, "मोडका आहे हे माहितेय ना?" तो म्हणाला, "मी मोडकेच जमवतो." म्हणजे आमची मशीन चालते, हाच तिचा दोष.

बघ्यांचा मला मुळात राग नाही. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी बघेच जास्त असतात. पण तिथे बघणाऱ्यालाही काही भोगावं लागतं. उन्हात उभं राहायचं, गंजका पाना हातात घेऊन उलटासुलटा करायचा, दुकानदाराच्या डोळ्यांत बघत "असू दे" म्हणायचं आणि त्याने पाठीमागून काय म्हटलं ते ऐकूनही न ऐकल्यासारखं पुढे जायचं. बदाम दाबणाऱ्याला यातलं काहीच नाही. तो अंथरुणात पडून, एका अंगठ्याने माझी आशा वाढवतो आणि कूस बदलतो.

(माझे स्वतःचे दाबलेले बदाम मी परवा मोजले. 212. त्यात येवल्याची एक मोरपंखी पैठणी दीड वर्षापासून आहे. ती मी घेणार नाही, पण दुसऱ्या कोणी घेतलेली मला चालणार नाही. त्या विणकराच्या घरीही कोणीतरी रोज बदाम मोजत असेल. हा विचार मी फार वेळ केला नाही.)

पंचविसाव्या दिवशी माझ्यातला पेठेतला रक्तगट जागा झाला आणि मी वर्णनात भर घातली: "वस्तू विकायची आहे, प्रदर्शनात मांडलेली नाही. 'उपलब्ध आहे का' विचारू नये. नसती तर दिसली नसती. विनाकारण बदाम दाबून मालकिणीस झुलवू नये." त्या एका रात्रीत सतरा बदाम वाढले. दुसऱ्या दिवशी आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरत आला, खाली हसून लोळणारे चेहरे. 'पुण्यात काय एकेक नमुने असतात,' असं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं होतं. मीही एक हसरा चेहरा टाकला. काय करणार?

मग किमती उतरवायला लागले. 5,800. 4,999. किंमत उतरली की बदामवाल्यांना ॲप आपोआप कळवतं. अपेक्षा अशी की ते धावत येतील. प्रत्यक्षात दोन बदाम गळाले. एवढी उतरवली म्हणजे काहीतरी खोट असणार, असं त्यांना वाटलं असावं.

काल दुपारी मी सोफ्यावर बसून 4,500 केली. आतल्या खोलीत 'टिंग' वाजलं. मी दुर्लक्ष केलं. मग सहज 4,400 केली. टिंग. 4,300. टिंग. मी उठून आत गेले. सासूबाई पलंगावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मोबाइल हातभर लांब धरून बघत होत्या.

"त्रेचाळीसशे?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "अगं, नुसत्या बिडाचे तेवढे येतील."

"आई, तुम्ही बदाम दाबलाय?"

"लक्ष नको ठेवायला? घरातून वस्तू जायची आणि मला पत्ता नाही."

"पण तुमच्याकडे ॲप कुठून आलं?"

"नातवानं घालून दिलं. मंडळातल्या सगळ्यांनाही घालून दिलं."

मंडळ म्हणजे भजनी मंडळ. बावीस सभासद. हिशेब माझ्या डोक्यात उलगडायला लागला.

"पहिल्या दिवशी तू किती हौसेनं फोटो काढत होतीस," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कोणी ढुंकून पाहिलं नाही तर हिला वाईट वाटायचं. म्हणून सगळ्यांना सांगितलं, बदाम दाबा गं." मग जरा थांबून, "पण घेऊ नका हो कोणी, असंही सांगितलं."

यावर भांडायला नेमकं कुठून सुरुवात करावी हे मला अजून सुचलेलं नाही. बाहेर मुलगा मशीनवरच वह्या पसरून बसला होता, गेले काही दिवस तो तिथेच बसतो. बीजगणित अडलं की पायडल हलवतो. चाक घरघरत फिरत होतं, पट्टा नवा असल्यामुळे एकदम सुरेख.

मी जाहिरात काढून टाकली. ॲपने विचारलं, "वस्तू विकली गेली का?" मी रागाने "हो" दाबलं. आत टिंग झालं, ते अपेक्षितच होतं. पण मग माझाच मोबाइल वाजायला लागला. "अय्या, गेली?" "मॅडम, मी रविवारी येणारच होते." "पूर्ण 6,500 देतो, त्यांना नाही म्हणा." "आधी सांगायचं ना!" अर्ध्या तासात नऊ निरोप आले. 37 दिवसांत मिळून इतकी आपुलकी आली नव्हती. वाकडच्या बाईंची लिफ्टसुद्धा सुरू झाली होती.

शेवटचा निरोप स्टँडवाल्याचा. "डोकं गेलं असेल तर आता स्टँडचं बघा की."