समकोण म्हणजेच काटकोन

इंदूरच्या आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हिंदीतला समकोण म्हणजे सारखे कोन, काटकोन वेगळा, आणि 90 अंशांपुढचा प्रत्येक कोन विशालकोनच.’ दोन्ही चूक. समकोण म्हणजेच काटकोन, नेमका 90 अंशांचा. सुताराच्या गुण्याचा कोपरा बघा. इथले मिस्त्री त्याला गुनिया म्हणतात, कोन तोच. शाळेत हिंदी, घरी मराठी, मुलं गोंधळणारच हो!

विशालकोन मात्र 180 च्या आत संपतो. बरोबर चार वाजता घड्याळाच्या काट्यांमध्ये 120 अंश असतात, तो विशालकोन. सहाला सरळकोन. आणि चार वाजताच्या त्याच काट्यांची दुसरी बाजू मोजलीत तर 240 अंश, म्हणजे प्रविशाल कोन. हिंदीच्या पुस्तकात त्यालाच प्रतिवर्ती कोण म्हणतात.